सहाव्या कामाचा ‘येतो’

आमच्या पुढच्या खोलीत माझा एक कृष्णधवल फोटो लावलेला आहे. त्यात मी पंचविशीची आहे. साडीला इतक्या पिना टोचल्यात की वाऱ्यानेही लांबूनच जावं. उजवा हात टीव्हीसारख्या एका डब्यावर ठेवलाय. बाजारातून नवी म्हैस आणणारा माणूस तिच्या पाठीवर ठेवतो ना हात, अगदी तसा. चेहऱ्यावरचा भाव असा, की हा डबा मीच व्याले असावे.

हा फोटो स्थळांना पाठवायला काढला होता. ‘मुलगी कम्प्युटरवर आहे’ असं मागे लिहून आईने तो चार घरी धाडला आणि चौथ्या घरी मी खपले. तेव्हा त्या कामापुरता फोटो गुणाचा. पण माझ्या मागे, दाराच्या चौकटीत, एक बाई अर्धी आली आहे. एक खांदा, अर्धा चेहरा, हातात कागदाचा तुकडा. ती हसते आहे. घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, मागे कोण? आणि मी इतकी वर्षं सांगत आले, कोण नाही, कचेरीत आली होती कोणीतरी.

माझ्या थोरल्या दिरांची नात, म्हणजे माझीही नातच, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या गणपतीत आली तेव्हा मोदक वळायचे सोडून लॅपटॉप घेऊन बसली. मी डोकावले. पडद्यावर रंगीत पट्ट्यांच्या ओळी होत्या. हिरव्या आखूड, लाल लांबच लांब.

“हे काय गं, रांगोळी?”

“आजी, प्रोग्राम स्लो आहे म्हणून सगळे ओरडतायत. बघ, स्लो नाहीच आहे तो. एकावेळी इतकी कामं चालू आहेत ना, ती सगळी वाट बघतायत. हे नेटवर्कची, हे याची, आणि हे त्याची. लाल म्हणजे नुसतं थांबलेलं.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

ती हसली. आजीला काय माहीत असणार, असं हसणं. रात्रभर सारणाचा वास येत होता तरी मला जुन्या कचेरीतल्या थंड हवेचा वास येत राहिला. म्हणून हे लिहायला घेतलं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रत्नागिरीत आमच्या कचेरीच्या छपरावर एक मोठी थाळी बसवली होती, तिचं तोंड आभाळाकडे. उपग्रहातून मुंबईशी बोलायची सोय. खाली एका खोलीत मशीन, त्याला जोडलेले चार पडदे, एक खडखडणारा प्रिंटर, आणि शेजारच्या खोलीत मशीनपेक्षा मोठ्या बॅटऱ्या, कारण वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची. मशीनची खोली थंड ठेवायची म्हणून दाराशी चपला काढायच्या. लोक आपोआप नमस्कार करून आत यायचे. मी तो नमस्कार स्वतःला समजून घ्यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन मी आले होते आणि सहा जन्मांचा तोरा. माझ्या वरती एक साहेब होते. ते मशीनला घाबरत, म्हणून मलाही घाबरत. आणि एक शिपाईमामा. मामा या कचेरीत यायच्या आधी तारा वाटत असत. सायकलवरून वाड्यावाड्यांत तार न्यायची, आणि घरात वाचणारं कोणी नसलं तर उंबऱ्याशी उभं राहून वाचूनही दाखवायची. चांगली असली तर गूळपाणी, वाईट असली तर तसंच परत. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची त्यांना सवय आणि त्याचा अभिमान.

मशीनला मराठी येत नव्हतं, पण अक्षरं इंग्रजी आणि बोली मराठी असा कारभार आम्ही आणि मुंबईवाले मिळून करायचो. मी एक प्रोग्राम लिहिला होता. लोकांची चौकशी आली की प्रत्येक चौकशीचं एक वेगळं काम सुरू व्हायचं. ते काम आकाशातून मुंबईला विचारायचं, उत्तराची वाट बघायचं आणि उत्तर आलं की छापायचं. अशी पाच-सहा कामं एकाच वेळी. मला तर वाटायचं, मी सहा नोकर ठेवलेत.

कुठलं काम कुठे आहे हे कळावं म्हणून प्रत्येक कामाने निघताना एक शब्द छापायचा, परत आल्यावर एक. परत आल्यावर ‘आलो’. हे सोपं. निघताना काय? सरळ हिशेबाने ‘गेलो’ हवं. पण ते मला टाइप करवेना. आमच्या घरी उंबरा ओलांडताना ‘जातो’ म्हणायची कोणाची टाप नव्हती. एकदा लहानपणी म्हटलं तर आजीने परत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा ‘येते’ म्हणायला लावलं होतं. तेव्हा मी टाइप केलं: ‘येतो’. वाय, ई, टी, ओ. आणि स्वतःच्या विनोदावर एकटीच हसले. मशीनलासुद्धा वळण लावलं म्हणून.

म्हणजे कागदावर चौकशीचा क्रमांक, ज्याची चौकशी त्याचं नाव, वेळ, आणि शेवटी ‘येतो’. त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक. काम निघालं, आता मुंबईच्या उत्तरासाठी थांबलंय.

एका सोमवारी सकाळी लांज्याच्या पुढच्या एका गावातून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, पण उन्हाने माझ्यापेक्षा दहा वर्षं मोठी केलेली. तिचा नवरा मुंबईला कामाला. वाडीतला एक जण गणपतीची रजा मागायला म्हणून दोघांच्या मालकाकडे गेला, तिथे त्याला कळलं की हिच्या नवऱ्याला कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात नेलंय. कुठल्या, ते कोणाला नीट सांगता येईना. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “मुंबईचे लोक दवाखान्यांच्या याद्या बघतात म्हणे. विचारा की तुमच्या मशीनला.”

बाई बाकावर बसली. म्हणाली, “पोराच्या बापसाची खबर मिळाली तर आजच्याच गाडीन जातंय मी. पोराला बहिणीकडे ठेवून आलंय. फकस्त दवाखाना कुठला ता सांगा.”

इतकंच तिला हवं होतं. दवाखाना कुठला.

मी नाव टाइप केलं. सहावं काम सुरू झालं. आणि मी फोटोग्राफरला आणायला बाजारात गेले. त्याच दिवशी त्याला वेळ होता. आईने बजावलं होतं की या आठवड्यात फोटो गेलाच पाहिजे.

परत आले तेव्हा बारा वाजत आले होते. फोटोग्राफर तिपाई लावत होता. मी म्हैस धरली. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “ताई, मागे बाई येतायत.”

ती बाकावरून उठून दारात आली होती. हातात कागद.

“अहो बाई, जरा बाजूला व्हा,” मी ओरडले. “फोटोत याल.”

ती हसली आणि बाजूला झाली. अर्धीच झाली. फोटो निघाला. मान वळवून बघितलं तर ती चपला घालून निघाली होती. “येतंय हां बाई,” म्हणाली. मी म्हटलं, बरं. कंटाळून गेली असेल, उद्या येईल. कागद कसला, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी साडीच्या निऱ्या बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सहाव्या कामाचं उत्तरही आलं नाही. आदल्या दुपारपासून इतर चौकश्यांचीही उत्तरं यायची थांबली. मशीन चालू, दिवा हिरवा, याद्या-बिद्या टाइप होत होत्या, पण मुंबईकडचं एकही काम हलेना. साहेब विचारायचे, “काय झालं?” मी रुबाबात सांगायची, “मुंबईची लाईन बिझी आहे, सर.” ढग आले की, “ढग आहेत, सर.” ढग गेले की, “मुंबईला ढग असतील.” एक आठवडा मी हे पुरवलं.

मामांचं निदान वेगळं होतं, जागा राखणाऱ्या देवाचा कोप. “राखणदाराक न इचारता छपरावर ताट ठेवलात तुमी. तो अडवून धरतो.” आणि शुक्रवारी मी जेवायला गेल्यावर त्यांनी मशीनपुढे नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घातलं. मी परत आले तेव्हा शेवट चालला होता, “...आणि ह्या ताईंच्या हातान काय चुकला माकला असला तर पदरात घे रे महाराजा!” आणि बाकीच्या पडद्यांवर बसणाऱ्या टायपिस्ट मुली, गंभीर चेहऱ्याने, “व्हय महाराजा!”

मी संतापले. माझ्या हातून चुकेल? तो नारळ मी बाहेर नेऊन ठेवायला लावला. आज वाटतं, त्या खोलीत खरं बोललेला तो एकच माणूस होता.

पुढच्या मंगळवारी ती बाई परत आली. आठ दिवसांत तिचा चेहरा ओढला होता. दाराशीच म्हणाली, “बाई, येतो बोललान आणि आला नाय.”

“कोण?”

तिने कमरेची पिशवी उघडून कागदाचा तुकडा काढला. चारदा घडी घातलेला. त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव, सोमवार, अकरा चाळीस, आणि येतो.

मी मामांकडे बघितलं. मामा खुशीत म्हणाले, “मीच दिलंय वाचून! तुमी नव्हतात तेवा आली तार. नाव आणि ‘येतो’. मी म्हटला, वयनी, घोव तुमचा बरा हाय, निघतोय. गूळसुदा वाटलान तिने बाहेरच्या दुकानातून आणून.”

थंड खोलीत मला घाम फुटलेला तो पहिलाच दिवस. तो ‘येतो’ तिच्या नवऱ्याचा नव्हता. माझा होता. आणि तिने त्याच्या भरवशावर मुंबईची गाडी पकडली नाही. घर सारवलं, पोराला बहिणीकडून परत आणलं, आणि आठ दिवस रोज दोन वेळा थांब्यावर जाऊन गाडीतून कोण उतरतं ते बघितलं.

“बसा,” मी म्हटलं. “मी बघते.”

मग मी जे केलं, ते नातीच्या रंगीत पट्ट्यांचे खापरपणजोबा समजा. जाड रजिस्टर घेतलं, सहा रकाने आखले, मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. दर पाच मिनिटांनी मशीनला विचारायचं, कुठलं काम काय करतंय? चालू असेल तर एक टिंब. थांबलं असेल तर कशासाठी थांबलंय ते. शाळेत बाई हजेरी घेतात तशी. तासाभराने रजिस्टर बघितलं तर टिंब एकही नाही. मशीन दमलं नव्हतं, लाईन बिझी नव्हती, ढग निर्दोष होते. सगळी कामं नुसती थांबली होती. चार जण लाईनची वाट बघत होते. एक रोजच्या पाऊसपाण्याचा तक्ता होता, तोही लाईनची वाट बघत होता. मग लाईन कोणापाशी?

सहाव्यापाशी. आणि सहावं कशासाठी थांबलंय? प्रिंटरसाठी.

प्रिंटर कोणापाशी? पाऊसपाण्याच्या तक्त्यापाशी. वरचं शीर्षक छापून, प्रिंटर कवेत धरून, तो आकडे आणायला लाईन मिळायची वाट बघत होता. याच्या हातात जे आहे ते त्याला हवं, त्याच्या हातात जे आहे ते याला. आणि हातातलं काम पुरं झाल्याशिवाय कोणीही काही सोडायचं नाही, हा नियम घालणारी मी. फार शिस्तीची ना!

मग उशिराने डोक्यात प्रकाश पडला. सहाव्याला प्रिंटर कशाला हवाय? छापायला. म्हणजे त्याच्यापाशी छापायला काहीतरी आहे.

उत्तर आलेलं होतं. आठ दिवस ते मशीनच्या पोटात होतं. मी त्याच्याशेजारी बसून डबा खाल्ला होता. त्याच्यावर हात ठेवून फोटो काढला होता.

मी तक्त्याचं काम मारलं. मशीनच्या भाषेत तसंच म्हणतात. प्रिंटर सुटला आणि लगेच खडखडायला लागला. त्या आवाजाने बाई उभी राहिली. कागदावर सोमवारची वेळ होती, बारा वीस. दवाखान्याचं नाव. खाली: आहे. सुधारतोय. न्यायला घरचं माणूस पाठवा.

बारा वीस. तेव्हा ती अजून एसटी स्टँडवरच असेल.

मी वाचून दाखवलं नाही. आधी नवी चौकशी टाकली, आता कुठे आहे? लाईन मोकळी होती, पाऊण तासात उत्तर आलं. दोन शब्द. ‘गुरुवारी गेला.’

मामांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि टोपी काढली.

आपल्या भाषेत हा शब्द कसला आहे बघा. माणूस घरी गेला तरी गेला, आणि नाही ते झालं तरी गेला. मुंबईच्या त्या टाइप करणाऱ्याला एक शब्द जास्त टाकायला काय झालं होतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कोणाला नावं ठेवणार?

मी तिसऱ्यांदा विचारलं. ‘गेला म्हणजे?’

मग आम्ही तिघं थांबलो. बाई बाकावर, मामा दाराशी, मी खुर्चीत. मी तिला सांगितलं, मुंबईला विचारलंय. तिच्या हातातला जुना कागद ती बोटांनी सारखा सपाट करत होती. पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. साहेब एकदा आत डोकावले आणि आमची तोंडं बघून पाऊल न वाजवता परत गेले. पडद्यावर सहाव्या कामाच्या पुढे, माझ्याच शब्दात, उभं होतं: येतो. त्या तासाभरात मी तो शब्द किती वेळा वाचला असेन, आणि प्रत्येक वेळी मला ऐकू येत गेला. पुरुषाच्या आवाजात. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण तो आवाज आजही ओळखेन.

उत्तर आलं. ‘चालत गेला. तीन दिवस वाट पाहिली. न्यायला कोणी आलं नाही. वॉर्डात सर्वांना येतो म्हणाला.’

या वेळी मी मोठ्याने वाचलं. तिन्ही उत्तरं. सोमवारचंसुद्धा.

ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “म्हंजे माजी वाट बघलान त्याने.”

“हो.”

“मग सोमवारी माणूस पाठवा म्हणतत, आणि सोमवारीच येतो म्हणता. बाई, ता येतो कोण बोलला?”

सरळ प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “मशीनमध्ये कधी कधी असं होतं.”

“माजी चूक, वयनी,” मामा मध्येच बोलले. “माका वाचूक जमला नाय. इंग्रजी माजा कच्चा.”

आयुष्यभर ज्या इंग्रजीच्या टेकूवर तो माणूस ताठ चालला, ते त्याने माझ्यासाठी तिच्या पायाशी ठेवलं. आणि मी ते ठेवू दिलं. पंचवीस वर्षांची घोडी, पिना लावून गप्प बसले.

बाईने मामांकडे बघितलं. रागावली नाही. तिन्ही नवे कागद मागून घेतले, जुन्याबरोबर घडी घालून पिशवीत ठेवले. गुरुवारी निघालेला माणूस मंगळवारपर्यंत घरी पोचला नाही म्हणजे वाटेत काहीतरी झालंय, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. मुंबईची गाडी साडेचारला होती.

“जातंय,” ती म्हणाली.

“वयनी, येतंय म्हणा,” मामा कळवळून म्हणाले.

“ता बोलून काय झाला, बघितला नव्हे,” ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम दुरुस्त केला. हातातलं सोडल्याशिवाय दुसरं मागायचं नाही, असा नवा नियम. आणि ‘येतो’ काढून सगळीकडे ‘गेलो’ लिहिलं. फक्त सहाव्या कामाला हात लावला नाही. ते बंदही केलं नाही. मशीन सुरू झालं की ते आपलं आपण उठायचं, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन मुंबईला विचारायचं, आहे का कुठे? ‘येतो’ छापायचं आणि थांबायचं. दुपारपर्यंत उत्तर यायचं, नाही. साहेबांनी एकदा विचारलं, हे रोज काय छापून येतं? मी म्हटलं, चाचणी आहे, सर.

ती परत आली नाही. पत्ता माझ्याकडे होता, चौकशीच्या कागदावर सगळं होतं. लग्नाआधी एकदा मी खरं सांगायचं ठरवून एसटीत बसले. लांज्यापर्यंत गेले. पुढची गाडी यायला अवकाश होता. थांब्यावरच्या दुकानातून पाव किलो काजूगर घेतले. पुढची गाडी आली. मी बाकावर बसून राहिले. गाडी गेली. मग रत्नागिरीची आली, तिच्यात बसले. काजूगर घरी सगळ्यांना आवडले.

दोन-तीन वर्षांनी नवं मशीन आलं आणि जुनं बंद करायचा दिवस ठरला. माझं लग्न होऊन नोकरी सुटत होती, म्हणून शेवटचं बटण मीच दाबावं असं साहेबांना वाटलं. फुलंबिलं वाहिली. मी एकेक काम थांबवत आले. पाचही कामांनी मुकाट्याने मान टाकली. सहाव्याने त्या सकाळचा शब्द आधीच छापला होता. उत्तर आलं नव्हतं. मी थोडा वेळ थांबले. लोक टाळ्यांसाठी हात वर करून उभे होते. मग बटण दाबलं.

मामांनी प्रिंटरमधला तो शेवटचा कागद फाडला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर त्या गोष्टीबद्दल ते एवढंच बोलले. “तुमची तार, ताई.”

हे सगळं मी नातीला सांगितलं, मोदक उकडून झाल्यावर. ती उठली, फोटोचा फोटो काढला आणि फोनवर दोन बोटांनी मोठा करत गेली. माझी म्हैस गेली, मी गेले, दाराची चौकट आली, मग अर्धी बाई, मग तिचा हात, हातातला कागद.

“इथे काहीतरी छापलंय आजी. पण अक्षरं फुटतायत, वाचता येत नाही.”

मी चष्माही लावला नाही.

“मला येतं,” मी म्हटलं.